टिलँड्सिया

अननसाच्या ब्रोमेलिएसी कुलातील अपिवनस्पतींची प्रजाती. बागकामात ‘हवेतली झाडे’ म्हणून प्रसिद्ध. मूळ प्रदेश अमेरिका खंडाचा उष्ण भाग. १७व्या शतकातील वैद्य व वनस्पतिज्ञ एलिआस टिलँड्स यांच्यावरून लिनीअस यांनी हे नाव दिले. ही झाडे बांडगुळे नव्हेत: आधारवृक्षाचा रस ती शोषत नाहीत, मुळांनी फक्त सालीला धरून राहतात. पाणी व क्षार पानांवरील रुपेरी शल्कांतून आत जातात. हवा आत घेणारी त्वग्रंध्रे (पानांवरील सूक्ष्म छिद्रे) रात्री उघडतात आणि पाने ओली असली तर हवा आत जाण्यास अडथळा येतो. म्हणून पाणी सकाळी द्यावे, म्हणजे संध्याकाळपर्यंत पाने कोरडी होतात.

उष्ण प्रदेशात उन्हापेक्षा साचलेले पाणीच यांना अधिक मारते. भिजवल्यावर झाड उलटे धरून झटकावे, नाहीतर गाभा कुजतो. कोकणच्या पावसाळ्यात ती वळचणीखाली, वारा खेळेल अशी टांगावीत. देशावरच्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोन-तीनदा भिजवून दुपारची सावली द्यावी. तांब्याची तार वापरू नये; तांबे या कुलाला विषारी ठरते.

आयोनँथा जातीची पाने फुलण्याच्या वेळी लाल होतात, फुले जांभळी येतात. प्रत्येक झाड एकदाच फुलते, मग बुडाशी पिल्ले धरून हळूहळू सुकते. घाईने उपटू नये. झिरोग्राफिका ही मोठ्या, वळणदार पानांची जाती जंगलातून ओरबाडली गेल्याने तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचे नियंत्रण आहे. विकत घेताना रोपवाटिकेत वाढवलेलीच रोपे घ्यावीत.