स्वरलिपीतील सूचनेची जागा

पाश्चात्त्य स्वरलिपीत गीताचे शब्द पाच रेषांच्या खाली येतात. म्हणून ‘हळू’, ‘जोराने’ अशा गायकासाठीच्या सूचना रेषांच्या वर लिहिण्याची प्रथा आहे. सूचना बोलांवर चढू नये, हा त्यामागील विवेक.

पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’त हाच विवेक निराळ्या वाटेने जातो. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांच्या (१८७२–१९३१) लिपीत स्वरास्वराखाली कालमानाचे चिन्ह येई. भातखंड्यांनी एका मात्रेतील स्वरांना खालून एकच चंद्रकोर दिली आणि पान मोकळे केले. कोमल स्वराची आडवी रेघ व मंद्र सप्तकाचा बिंदू खाली. तीव्र मध्यमाची उभी रेघ, तार सप्तकाचा बिंदू, मींडेची कमान आणि बारीक अक्षरातला कणस्वर वर. स्वरांखालच्या ओळीत चिजेचे बोल, त्याखाली सम व खालीच्या खुणा. राग, ताल, लय यांचा निर्देश मथळ्यात. ओळींमध्ये सूचनेचा शब्द जवळजवळ नाहीच.

या सुवाच्यतेला किंमत आहे. मींड कोठून कोठे जाते हे कमान सांगते. ती किती रेंगाळावी, स्वर किती दाबून लावावा, हे सांगत नाही. ती जागा गुरूच्या कंठासाठी राहिली. वाङ्मयाच्या अभ्यासकाला हे ओळखीचे वाटावे: संहिता छापता येते, उच्चार ऐकूनच घ्यावा लागतो. भातखंड्यांनी घराण्यांतील चिजा कागदावर आणून सर्वांना खुल्या केल्या, हे त्यांचे ऋण मोठेच. तथापि, लिपीने काय लिहिले याबरोबर काय सोडले, हेही वाचले पाहिजे.