कुलपती ते कर्मसचिव : विद्यापीठीय सेवकवर्गाची पदनामे आणि इतिहास

भारतीय विद्यापीठांचा इतिहास बहुधा कुलगुरूंच्या कारकिर्दी, अभ्यासक्रम आणि नामवंत अध्यापक यांच्या आधारे लिहिला जातो. विद्यार्थी आणि विद्यापीठाचे नेतृत्व यांच्यामध्ये उभा असलेला वर्ग, म्हणजे कुलसचिव, वसतिगृहप्रमुख, विद्यार्थी कल्याण अधिकारी, समुपदेशक, या इतिहासात व्यक्ती म्हणून क्वचितच दिसतो. तो दिसतो तो पदनामांच्या रूपाने. ही पदनामे निरनिराळ्या भारतीय भाषांनी कशी घडवली, हे तुलनात्मक दृष्टीने पाहिले तर या वर्गाच्या कामाकडे समाजाने कोणत्या नजरेने पाहिले याचा काही अंदाज येतो. प्रस्तुत निबंधाचा हेतू तेवढाच मर्यादित आहे.

आरंभ 'कुलपती' या शब्दापासून करणे योग्य ठरेल. संस्कृत परंपरेत दहा हजार शिष्यांना अन्नादी पोषण देऊन जो शिकवतो तो कुलपती. 'अभिज्ञानशाकुंतला'तील कण्व हे कुलपतीच आहेत. म्हणजे अध्यापन आणि पोषण ही दोन्ही कर्तव्ये या शब्दाच्या अर्थातच अनुस्यूत आहेत. आधुनिक विद्यापीठासाठी हा शब्द उचलताना मात्र भाषाभाषांत फरक पडला. मराठीत चॅन्सेलर तो कुलपती आणि व्हाइस चॅन्सेलर तो कुलगुरू. हिंदीत व्हाइस चॅन्सेलरलाच कुलपती म्हणण्याची रूढी पडली आणि चॅन्सेलर कुलाधिपती झाला. २०२४मध्ये मध्य प्रदेशाने आणि २०२५मध्ये राजस्थानाने 'कुलपति'ऐवजी 'कुलगुरु' हे पदनाम स्वीकारले. मराठीत दीर्घकाळ रुळलेला शब्द अशा रीतीने हिंदी प्रदेशात गेला. तमिळने वेगळीच वाट धरली. तेथे चॅन्सेलर हा 'वेंदर्', म्हणजे राजा, आणि व्हाइस चॅन्सेलर 'तुणैवेंदर्'. एकीकडे कुलाची कल्पना, दुसरीकडे राज्याची. पोषणाचा जुना अर्थ मात्र दोन्हीकडे मागे पडला.

रजिस्ट्रार या पदाची कथा अधिक बोलकी आहे. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ नोंदी ठेवणारा. तमिळमधील 'पदिवाळर्' हा शब्द त्याच अर्थाला धरून आहे. मराठीत सहकार खात्यातील किंवा दस्तनोंदणीतील हाच अधिकारी 'निबंधक' होतो. विद्यापीठाच्या उंबरठ्यावर येताच तो 'कुलसचिव' होतो. 'सचिव' या शब्दाला मराठी इतिहासात स्वतःचे वजन आहे. शिवकालीन अष्टप्रधानांतील सुरनीस तोच सचिव; राजपत्रे तपासून शुद्ध करणे आणि महालांचे हिशेब पाहणे हे त्याचे काम. १९६०नंतर राज्यकारभार मराठीतून चालवण्यासाठी पदनामांचे कोश सिद्ध झाले, त्या काळातील भाषिक वृत्तीशी हा शब्द सुसंगत होता. त्यामुळे नोंदणी करणारा कारकून ही प्रतिमा मागे सरून सल्लागार प्रधानाची प्रतिमा पुढे आली.

या प्रतिमेला प्रत्यक्षाचा आधार होता. १८५७मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ आरंभी केवळ परीक्षा घेणारे आणि महाविद्यालयांना संलग्नता देणारे होते. एकोणिसाव्या शतकातील कुलगुरू मानद असत. १८९२मध्ये पहिले भारतीय कुलगुरू झालेले काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. दैनंदिन कारभार रजिस्ट्रारच्या कचेरीतून चाले. परीक्षार्थी विद्यार्थ्याला विद्यापीठ भेटे ते याच कचेरीच्या रूपाने.

या कचेरीतून नेतृत्वाकडे गेलेली लक्षणीय कारकीर्द एस. आर. डोंगरकेरी यांची. मुंबई विद्यापीठाचे रजिस्ट्रार म्हणून त्यांनी दीर्घकाळ काम केले आणि विद्यापीठाच्या शताब्दीनिमित्त १८५७ ते १९५७ या काळाचा इतिहास लिहिला. १९५८मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा ते त्याचे पहिले कुलगुरू झाले. या प्रदेशातील महाविद्यालये तोवर हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेली होती. नवे विद्यापीठ उभारायचे तर नियम, परीक्षा, संलग्नता, मंडळे हे सारे नव्याने रचणे भाग होते, आणि ती विद्या कुलसचिवाच्या टेबलावर कमावलेली होती. आपल्या दोन विद्यापीठांच्या आठवणीही डोंगरकेरी यांनी ग्रंथरूपाने लिहिल्या. प्रशासकाने स्वतःच आपल्या वर्गाचा इतिहासकार व्हावे, हे आपल्याकडे विरळा घडले आहे.

याला समांतर उदाहरण बंगालमध्ये सापडते. विश्वभारतीने रजिस्ट्रारसाठी 'कर्मसचिव' हा शब्द घडवला. १९५१च्या विश्वभारती अधिनियमात तो आचार्य आणि उपाचार्य या पदनामांसह आला. येथे 'कुल' नाही, 'कर्म' आहे. रवींद्रनाथांचे पुत्र रथींद्रनाथ यांनी दीर्घकाळ कर्मसचिवाची धुरा वाहिली आणि १९५१मध्ये विश्वभारती केंद्रीय विद्यापीठ झाल्यावर तेच तिचे पहिले उपाचार्य झाले. परंपरा भिन्न, शब्द भिन्न. परंतु व्यवस्था सांभाळणारा माणूस नेतृत्वास पात्र ठरतो, ही धारणा दोन्ही ठिकाणी दिसते. मात्र दोन्ही प्रसंग संस्थेच्या नव्या पर्वाच्या आरंभीचे आहेत, हेही ध्यानात ठेवावे लागते. संस्था स्थिरावल्यावर अध्यापनाची शिडी आणि प्रशासनाची शिडी वेगळ्या झाल्या.

विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष पोषणाचे काम तर कोणत्याच शिडीवर नीट बसले नाही. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९४९च्या अहवालात विद्यार्थी कल्याणाचा स्वतंत्र विचार केला. कोठारी आयोगाने १९६६मध्ये विद्यार्थिसेवा हा शिक्षणाचाच अविभाज्य भाग मानला, पूर्णवेळ विद्यार्थी कल्याण अधिष्ठात्याची शिफारस केली आणि दर एक हजार विद्यार्थ्यांमागे किमान एक समुपदेशक असावा असे सुचवले. १९६९मध्ये ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० स्वयंसेवकांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिचा कार्यक्रम अधिकारी हा अध्यापकच होता आणि आजही आहे. महाविद्यालयातील विद्यार्थी कल्याणाचे कामही बहुधा अध्यापकाकडेच अतिरिक्त कार्यभार म्हणून राहिले. 'अतिरिक्त कार्यभार' हा मराठी प्रशासनातील अत्यंत परिचित शब्दप्रयोग. काम आवश्यक आहे, पण त्यासाठी स्वतंत्र माणूस आवश्यक नाही, असा त्याचा व्यवहारातील अर्थ होतो. महाराष्ट्राच्या २०१६च्या विद्यापीठ अधिनियमाने 'कल्याणा'च्या जागी 'विकास' हा शब्द आणला आणि विद्यार्थी विकास मंडळ व त्याचा संचालक यांची तरतूद केली. शब्द बदलल्याने दृष्टी बदलते, हे खरे. पण महाविद्यालयाच्या पातळीवर हे काम अध्यापकाच्याच खांद्यावर राहिले.

या प्रश्नाचे गांभीर्य २०२५मध्ये न्यायालयाच्या दारी स्पष्ट झाले. उच्च शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने मार्चमध्ये राष्ट्रीय कृतिदल नेमले. जुलैमधील एका निर्णयात १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे निर्देश दिले. कोठारी आयोगाची शिफारस आणि हा निर्देश यांच्यामध्ये जवळजवळ साठ वर्षे गेली. आयोगाने जे सुचवले ते न्यायालयाला, तेही मृत्यूंच्या पार्श्वभूमीवर, आदेशाच्या भाषेत सांगावे लागले.

कुलपती या शब्दात पोषण आणि अध्यापन एकत्र होते. आधुनिक विद्यापीठाने त्यांची विभागणी केली. ती अपरिहार्यही होती. पण विभागणी करताना नेतृत्वाला 'कुल' मिळाले, कुलसचिवाला त्या कुलातील स्थान मिळाले, आणि विद्यार्थ्याच्या पोषणाचे काम करणाऱ्याला बहुधा अतिरिक्त कार्यभार मिळाला. पदनामांचा तुलनात्मक अभ्यास हा केवळ कोशकारांचा विषय नाही, तो येथे संस्थेच्या नैतिक रचनेचा पुरावा ठरतो. डोंगरकेरी किंवा रथींद्रनाथ यांच्यासारख्यांच्या आठवणींबरोबरच वसतिगृहांची नोंदवह्या-पत्रे आणि विद्यार्थी कल्याण मंडळांची इतिवृत्ते जपली गेली, तर हा इतिहास माणसांसह लिहिता येईल.