बेगमी

वारीला निघायचे तर आधी घराची बेगमी करायची, हा आमच्या खानदेशातल्या जुन्या वारकऱ्यांचा नेम. मुक्ताईची पालखी ज्येष्ठात निघते आणि पंढरीला पोचायला महिनाभर लागतो. नेमका तोच पेरणीचा काळ. मागे राहिलेल्यांना दाणे, बियाणे, सरपण, मीठ-मिरची पुरेल एवढी भरून ठेवावी, मगच पताका खांद्यावर घ्यावी. पोरेबाळे उपाशी ठेवून देवाला भेटणे आपल्या संप्रदायात बसत नाही. सावतोबांनी तर अरणचा मळा सोडलाच नाही. शके १२१७ च्या आषाढात तिथेच समाधिस्थ झाले.

ही बेगमी चैत्रात सुरू व्हायची. आखाजीला लेकी माहेरी येत, झोके बांधले जात, आणि त्याच दिवसांत अंगणभर वाळवण पडे. ज्वारीचे बिबडे, गव्हाच्या कुरडया, उडदाचे पापड, मुगाच्या वड्या. दाणा मातीच्या कोठीत, राख आणि कडुलिंबाचा पाला घालून, तोंड शेणमातीने लिंपून. न्हाणीचे पाणी वाया जात नसे. त्यावर अळू, गिलकी, वालाचा वेल, शेवगा आणि कुंपणाला अडुळसा. खोकल्याला अडुळसा नि सुंठ, पोटदुखीला ओवा, एवढे औषध प्रत्येक घरात असे. त्यापुढचे दुखणे मात्र घरगुती नव्हे, हेही जुनी माणसे जाणत. १८९६ साली मुंबईत आलेला प्लेग पुढे खानदेशात पोचला, तेव्हा काढ्याने कोणी वाचले नाही. गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहिले, ते पुष्कळसे वाचले.

परंतु मंडळी, नुसत्या घराच्या कोठीवर खानदेश जगलेला नाही. मी पांझरेकाठचा. साक्री-धुळ्याकडे या नदीवर ठिकठिकाणी दगडी बंधारे आहेत, कित्येक शतकांचे. बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, आणि खालच्या जमिनीचे तीन-चार भाग पाडलेले. त्या प्रत्येक भागाला म्हणायचे ‘फड’. आपल्याकडेही वासकरांचा फड, देहूकरांचा फड म्हणतात. शब्द तोच. एका फडात साऱ्यांनी एकच पीक घ्यायचे. दुसऱ्या वर्षी फेरपालट. पाणी कमी असेल त्या वर्षी कमी फड भिजवायचे. कोणा एकाचे शेत कोरडे टाकायचे नाही, कारण शहाण्या पद्धतीने प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात असे. पाणी पाटकऱ्याने द्यायचे; धन्याने स्वतः चारी फोडायची नाही. गावचा मोठा माणूस असला तरी नाही. दिंडीत जसा विणेकऱ्याचा मान कोणी मोडत नाही, तसेच हे.

ही घडी सैल कशी झाली ते आजोबा सांगत. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास भुसावळला रेल्वे आली. शेतात कपाशी वाढली, हातात रोकड आली. “पैसा कोठीत मावला, पण दाणा मावेना झाला,” असे ते म्हणत. मग १८७६-७७, १८९६-९७ आणि लगेच १८९९-१९०० असे दुष्काळ आले. शेवटचा तो संवत १९५६ चा, म्हणून छप्पन्नचा. आसोद्याच्या बहिणाबाई १८८० साली जन्मलेल्या. म्हणजे तो दुष्काळ त्यांनी ऐन विशीत पाहिला. त्या पिढीच्या बायका दाणा सांडू देत नसत, याचे मला नवल वाटत नाही.

आता माझी गोष्ट सांगतो. ती थोडी लाजेची आहे. १९७२ साली मी बाविशीचा होतो, कीर्तनाला नुकता उभा राहू लागलो होतो. पाऊस गेला. पाट कोरडे, विहिरी तळाला. वडील खडी फोडायला दुष्काळी कामावर. रेशनवर तांबडा मिलो मिळे, आणि त्याची भाकरी थापताना मोडे. घरात दोन कोठ्या होत्या, एक खायची आणि एक बियाण्याची. शेजारची बाई पोरांना घेऊन आली की माय खायच्या कोठीतून देई. पौषात ती कोठी संपली. बियाण्याच्या कोठीला माय हात लावू देईना.

त्या आठवड्यात गावात मी दामाजीपंतांचे आख्यान लावले होते. मंगळवेढ्याची कोठारे त्यांनी भुकेल्यांना मोकळी केली, हे सांगताना लोक रडले. घरी येऊन मी मायला म्हणालो, “दामाजींनी कोठार उघडलं, आणि तू ज्वारी झाकून बसलीस. १६३० च्या दुष्काळात तुकोबांची बायको गेली, लेक गेला, तरी त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली.”

माय चुलीपुढून उठली नाही. म्हणाली, “बी खाई टाकं ते पेरसूत काय?” मग जरा थांबून म्हणाली की दामाजीचे कोठार बादशहाचे होते, त्याचे पैसे भरायला विठू महार झाला, आपले कोण भरणार? आणि तुकोबांनी कर्ज बुडवले, बियाणे नाही बुडवले.

मला उत्तर सुचले नाही. आजही, पन्नास वर्षे कीर्तन करून, पुरते सुचत नाही. शेजारच्या त्या पोरांचे चेहरे मला आठवतात, आणि मायचे बरोबर होते हेही ठाऊक आहे.

१९७३ ला पाऊस चांगला झाला. बियाणे गल्लीत कोणाकडेच उरले नव्हते. ज्येष्ठ लागला तशी मायने कोठीचे तोंड फोडले. राखेतली ज्वारी पाखडली, एक मूठ ओल्या फडक्यात बांधून उगवते का पाहिले, आणि आमच्यापुरती ठेवून उरलेली पायलीने मोजून दिली. शेजारणीला सर्वांत आधी. वाढी नाही, सवाई नाही. पीक आले की तेवढेच माप परत. त्या वर्षी वडील वारीला गेले.

सुगीला सगळ्यांची मापे परत आली. एका घरचे आले नाही. मायने ते कधी मागितले नाही, आणि कोणाचे ते मलाही सांगितले नाही.