चांदा जिल्ह्यातील शिकार-छावणी : आतिथ्य आणि अधिकार

शिकारीच्या वाङ्मयात शिकाऱ्याचे धैर्य आणि मारलेल्या वाघाची लांबी यांनाच बहुधा स्थान मिळत आले आहे. परंतु जुन्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत, बंदुकीची शिकार ही एकट्याची क्रीडा क्वचितच असे. आप्तेष्टांना व स्नेह्यांना रानात नेण्याची ती एक सामाजिक प्रथा होती. त्या दृष्टीने पाहिले असता, जंगलात यजमान कोण आणि पाहुणा कोण, हा मूळ प्रश्न पुढे येतो.

१८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला. त्यानंतर इंग्रज अंमलदारांचे हिवाळी दौरे सुरू झाले. तंबू, बैलगाड्या व नोकरचाकर यांसह साहेबाचे कुटुंबही छावणीत असे. नाताळात मित्रमंडळी येऊन मिळत. कारभार, सहल आणि शिकार यांच्या सीमा तेथे पुसल्या जात. पाहुण्यांच्या या करमणुकीचा भार मात्र भोवतालच्या खेड्यांवर पडे. रान उठविणारे हाकारे, मचाण बांधणारे व वाघाचा माग काढणारे लोक बहुधा गोंड-माडिया असत. त्यांच्या ज्ञानावाचून छावणी एक दिवसही चालली नसती.

याच लोकांची स्वतःची पारध मात्र गुन्हा ठरत गेली. १८७८ या एकाच वर्षी दोन कायदे झाले. वन कायद्याने राखीव जंगलातील शिकार नियमबद्ध झाली, तर शस्त्र कायद्याने परवान्याविना बंदूक बाळगण्यास मनाई झाली. परवाना मिळवू शकणाऱ्याला जे रंजन होते, तेच रानात राहणाऱ्याला चोरी झाले. हा भेद वन्यप्राण्यांच्या रक्षणातून उद्भवलेला नव्हता. तो अधिकाराच्या वाटणीतून उद्भवला होता.

स्वातंत्र्यानंतर प्रथा संपली नाही. तिने धंद्याचे रूप घेतले. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू होऊन नागपूर हे तिचे मध्यवर्ती ठाणे बनले. परदेशी शिकाऱ्यांना विमानाने नागपूर गाठून तेथून मोटारीने रानात जाणे सुलभ झाले. त्यांची व्यवस्था पाहणाऱ्या शिकार कंपन्यांपैकी नागपूरची ॲल्विन कूपर ही प्रसिद्ध होती. पुढे केंद्रीय मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल हे तिच्याशी संबंधित होते. दौऱ्यावरील यजमानाची जागा आता व्यावसायिकाने घेतली. हाकारा होता तेथेच राहिला.

ताडोबात १९३५ मध्येच शिकारबंदी झाली होती व १९५५ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार-छावणीचा अध्याय संपला. बंदी आवश्यकच होती. तथापि छावणीमागील गृहीतक तिच्याबरोबर संपले असे म्हणता येत नाही. आज कुटुंबे कॅमेरा घेऊन ताडोबात जातात. माग ओळखणारा स्थानिक मनुष्य आता वाटाड्या म्हणून गाडीत असतो.

या संदर्भात गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये मिळालेला सामूहिक वनहक्क महत्त्वाचा ठरतो. पाहुण्यांच्या सोयीसाठी राबणाऱ्या गावाला यजमानपण कायद्याने मिळू शकते, हे त्याने दाखविले. शिकारीचा इतिहास लिहिताना बंदुकीबरोबरच हाकाऱ्याचीही नोंद घेतली पाहिजे, ती याच कारणास्तव होय.