पणजीचा पेहराव : कुणबी चौकडी, साडो आणि नवे डिझायनर

पणजी हे राजधानीचे शहर असले तरी आकाराने लहान आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महापालिका क्षेत्रातील लोकसंख्या जेमतेम चाळीस हजार होती. मुंबईच्या एखाद्या उपनगरातील एका प्रभागातही याहून अधिक माणसे राहतात. असे असूनही भारतीय फॅशनविषयी बोलताना या शहराचे नाव हमखास निघते. पर्यटन हे त्याचे एक कारण खरे, पण त्याआधीपासून येथे वस्त्र हा सत्तेचा, धर्माचा आणि जातीचा विषय होऊन बसला होता. आज पणजीत आणि मांडवीपलीकडच्या बार्देशात काम करणारे तरुण डिझायनर ज्या कापडाला हात घालतात, त्यामागे हा सगळा इतिहास आहे.

गोव्यात कोणी काय नेसावे, हे एकेकाळी हुकमाने ठरत असे. धर्मसमीक्षण सभेने म्हणजे इन्क्विझिशनने १७३६ साली काढलेल्या जाहीरनाम्यात धर्मांतरितांनी सोडावयाच्या चालीरीतींची लांबलचक यादी आहे. स्त्रियांनी चोळी आणि पुरुषांनी धोतर वापरू नये, असे त्यात बजावले आहे. तुळशीइतकीच चोळीही राज्यकर्त्यांना धोकादायक वाटली, यावरून वेशाचे वजन लक्षात यावे. ही संस्था १८१२ मध्ये बंद झाली. मात्र तिने पाडलेली पेहरावाची विभागणी पुढेही दीर्घकाळ टिकली.

या दडपणातून काही वेगळेच वेशही जन्माला आले. ख्रिस्ती उच्चवर्गीय स्त्रियांचा ‘पानो-बाजू’ हा त्यांतील सर्वांत देखणा. कमरेभोवती गुंडाळलेले वस्त्र म्हणजे पानो, त्यावर मखमली किंवा रेशमी, बहुधा जरीकाम केलेला सैल अंगरखा म्हणजे बाजू, आणि खांद्यावर तुवालो. मांडो गायन-नृत्यामुळे हा वेश आजही मंचावर दिसतो. मलय भाषेत ‘बाजू’ म्हणजे कपडा किंवा अंगरखा. मलाक्का-मकावपर्यंत पसरलेल्या पोर्तुगीज व्यापाराची खूण या एका शब्दात सापडते.

ख्रिस्ती विवाहातील ‘साडो’ची चालही अशीच बोलकी आहे. चर्चमधील पांढऱ्या गाऊनखेरीज वधूसाठी लाल वस्त्र शिवायचे, त्यासाठी शिंप्याला घरी बोलवायचे, आणि पहिला टाका पडताच फटाके लावायचे. शिवणकामाला फटाक्यांचा मान देणारे समाज जगात फार नसावेत. पोर्तुगीज काळात ‘आल्फायात’ म्हणवला जाणारा हा शिंपी गोव्याच्या फॅशनचा पहिला डिझायनर होय. त्याचे नाव कोणत्याही कपड्यावर लागले नाही, एवढाच फरक. मुक्तीनंतर आखातातून आणि बोटीवरून येणाऱ्या आप्तांनी आणलेली कापडे, परदेशी मासिकांतील चित्रे आणि शिंप्याची कात्री यांवर दोन पिढ्यांचे लग्नाचे कपडे निघाले.

कोलवाळचा माणूस

गोव्याच्या पेहरावाला आधुनिक अर्थाने ‘फॅशन’ केले ते वेंडेल रॉड्रिक्स यांनी. २८ मे १९६० रोजी मुंबईत जन्मलेल्या रॉड्रिक्स यांनी काही काळ मस्कतमध्ये नोकरी केली, त्या बचतीतून लॉस एंजेलिस आणि पॅरिस येथे शिक्षण घेतले आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी कोलवाळ येथे मुक्काम हलवला. फॅशनमध्ये नाव काढायचे तर मुंबई-दिल्लीतच राहिले पाहिजे, हा तेव्हाचा अलिखित नियम त्यांनी मोडला. त्यांच्या रचनेचे सूत्र साधे होते. कमी शिवण, हलके सुती किंवा तागाचे कापड, पांढऱ्याच्या अनेक छटा आणि घामट हवेत अंगाला न चिकटणारा घोळ. पुढे ज्याला ‘रिसॉर्ट वेअर’ हे भपकेबाज नाव मिळाले, ते मुळात किनाऱ्यावरच्या उकाड्याचे उत्तर होते.

त्यांचे लेखनकार्य डिझाइनइतकेच महत्त्वाचे मानावे लागेल. गोव्यातील वेशभूषेचा इतिहास सांगणारा ‘मोडा गोवा’ हा ग्रंथ २०१२ मध्ये आला, आणि त्याच वर्षी ‘द ग्रीन रूम’ हे आत्मचरित्रही. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कोलवाळमधील सुमारे साडेचारशे वर्षे जुने राहते घर त्यांनी वेशभूषेच्या संग्रहालयासाठी देऊन टाकले. १२ फेब्रुवारी २०२० रोजी त्यांचे निधन झाले. आपल्या नावाच्या ब्रँडची सर्जनसूत्रे त्यांनी २०१६ च्या अखेरीसच शुलेन फर्नांडिस या शिष्येकडे सोपवली होती. भारतीय फॅशनमध्ये संस्थापक हयात असताना असे हस्तांतर क्वचितच झाले आहे.

चौकडी कोणाची?

रॉड्रिक्स यांच्या कामातील ज्या भागाचा वारसा आज सर्वाधिक तरुण सांगतात, तो म्हणजे कुणबी साडी. गावडा, कुणबी आणि वेळीप हे गोव्याचे मूळ भूमिपुत्र समाज. २००३ मध्ये त्यांचा अनुसूचित जमातींत समावेश झाला. भातशेतीत चिखलात उभे राहून काम करणाऱ्या स्त्रीचे हे वस्त्र. जाड सुती, बहुधा लाल, त्यावर चौकडी, पोटरी मोकळी राहील इतके वर नेसलेले आणि पदर खांद्यावर गाठीने बांधलेला. चोळीची गरज ही गाठच भागवत असे. गिरणीची स्वस्त साडी आली तसे हे वस्त्र मागे पडले आणि शिगमो, लोकोत्सव येथील नृत्यपथकांपुरते उरले.

रॉड्रिक्स यांनी २०१० च्या सुमारास ही साडी दिल्लीच्या फॅशन सप्ताहात नेली. त्यांनी सूत मऊ घेतले, लांबी आजच्या नेसण्याला पुरेल अशी केली आणि लालाच्या जोडीला सौम्य रंग आणले. चौकडी तेवढी तशीच राखली. त्यानंतर ही चौकडी गोव्याची ओळख होऊन बसली. आज कुणबी चौकडीचे सदरे, जाकिटे, उपरणी, पिशव्या, मेजावरची आच्छादने सगळीकडे दिसतात. सरकारी समारंभात पाहुण्यांच्या खांद्यावरही हीच चौकडी येते.

खरा पेच येथून पुढे सुरू होतो. बाजारात कुणबी म्हणून विकले जाणारे बरेच कापड यंत्रमागावर, गोव्याबाहेर तयार होते. काही तर केवळ छापील असते. ज्या समाजाचे हे वस्त्र, त्या समाजातील स्त्रीला या विक्रीतून काही मिळते का, हा प्रश्न डिझायनर मंडळींना आता उघडपणे विचारला जातो, आणि तो विचारलाच पाहिजे. भौगोलिक मानांकनाचा १९९९ चा कायदा येथे अर्धेच उत्तर देतो. गोव्याच्या फेणीला या कायद्याखाली २००९ मध्ये संरक्षण मिळाले. मात्र मानांकन रक्षण करते ते नावाचे. लाल-पांढऱ्या चौकटी कोणीही विणू शकतो, फक्त त्याला ते नाव लावता येत नाही.

दुसरी अडचण मागावरची आहे. साडीसाठी ताणा लावताना विणकर एकाच साडीपुरते सूत लावत नाही. ते मोजणे, रंगांच्या क्रमाने मांडणे, फणीतून एकेक धागा ओवणे हेच मोठे काम असल्याने एका ताण्यावर अनेक साड्या उतरवल्या तरच ते परवडते. चौकडीत तर ताणा आणि बाणा या दोहोंचे रंग जुळावे लागतात, धोटे बदलत राहावे लागतात. एखाद्या नव्या डिझायनरला हिरवट छटेचे फक्त आठ मीटर कापड हवे असेल, तर त्याला संपूर्ण ताण्याचे पैसे मोजावे लागतात. भांडवल नसेल तर तो मुकाट्याने यंत्रमागाच्या ठाणाकडे वळतो. नक्कल वाढण्यामागे लबाडीपेक्षा हे गणित अधिक आहे.

ग्राहकाला फरक ओळखता येतो. विणलेली चौकडी कापडाच्या दोन्ही बाजूंनी सारखीच गडद असते, छापील चौकडी उलट्या बाजूने फिकी दिसते. हातमागावर कापड ताणून धरणाऱ्या साधनाच्या टोकांमुळे दोन्ही काठांजवळ टोचल्यासारख्या बारीक खुणा उमटतात. केंद्र सरकारची ‘हँडलूम मार्क’ ही खूणचिठ्ठी २००६ पासून आहे, तीही पाहावी.

नवी नावे, नवी दुकाने

‘पणजीची फॅशन’ असे म्हटले तरी तिचा कारखाना बहुतांशी बार्देशात आहे. शिवोलीचे सावियो जॉन हे रॉड्रिक्स यांच्यानंतरच्या पिढीतील ठळक नाव. सैल, थरांवर थर चढवलेले, जवळजवळ वजनरहित कपडे ही त्यांची खासियत. गावात राहून राष्ट्रीय मंचावर काम करता येते, हे त्यांनी दुसऱ्यांदा सिद्ध केले. अपूर्व कोठारी यांनी २०११ मध्ये सुरू केलेला ‘नो नॅस्टीज’ हा गोव्यातून चालणारा ब्रँड वेगळ्या वाटेचा आहे. कापूस उत्पादक शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांनी अस्वस्थ होऊन त्यांनी सेंद्रिय कापूस आणि न्याय्य व्यापार या तत्त्वांवर साधे रोजचे कपडे बनवायला घेतले. स्वतः पणजीत ‘साशाज शॉप’ या दुकानाने जुन्या वास्तूत नव्या डिझायनरांना जागा दिली. स्टायलिस्ट साशा मेंडिस यांनी उभारलेली ही जागा आकाराने छोटी असली तरी गोव्यातील अनेक ब्रँड ग्राहकांच्या नजरेस प्रथम आणून देणारी ठरली.

यानंतरची फळी अद्याप नावापेक्षा कामाने ओळखावी अशी आहे. कोणी आजीच्या जुन्या साड्यांतून जाकिटे बेतते, कोणी आझुलेज फरशांची निळी नक्षी ठशांनी कापडावर उतरवते, कोणी लग्नाचे गाऊन विकत न घेता भाड्याने देण्याचा व्यवसाय मांडते. फरशांच्या नक्षीचा आता अतिरेक झाला आहे, हे मात्र नमूद करावे लागेल. दर तिसऱ्या दुकानात तोच निळा रंग लटकलेला दिसतो.

या तरुणांपुढची अडचण शिक्षणापासूनच सुरू होते. कांपाल येथील गृहविज्ञान महाविद्यालयात वस्त्रशास्त्राची ओळख होते, आयटीआयमध्ये शिवणकला शिकता येते. मात्र पूर्णवेळ फॅशन डिझाइनसाठी बहुतेकांना मुंबई, बंगळुरू किंवा पुणे गाठावे लागते. गेलेल्यांपैकी किती परततात, यावर शहराचे पुढचे दशक ठरेल. परतणाऱ्याला पुन्हा कुशल कारागीर शोधावे लागतात. पॅटर्न कापणारा चांगला ‘मास्टर’ मिळणे ही दुकान मिळण्यापेक्षा कठीण गोष्ट झाली आहे. पारंपरिक शिंप्यांची मुले या व्यवसायात उतरत नाहीत, आणि उरलेला शिंपी चवथ, नाताळ व लग्नसराई यांत इतका गुंततो की डिझायनरच्या नमुन्याला त्याच्याकडे वेळ नसतो.

विक्रीचे वेळापत्रकही हंगामी आहे. ऑक्टोबर ते मार्च पर्यटक असतात. २००४ पासून दर वर्षी नोव्हेंबरच्या सुमारास ‘इफ्फी’ पणजीत भरतो, २०१६ पासून डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सव होतो. दुकानदार बहुधा माल ठेवून घेतो आणि विकला गेल्यावर आपला हिस्सा कापून पैसे देतो, म्हणजे नाताळात विकलेल्या सदऱ्याचे पैसे हाती पडेपर्यंत कधी कधी कार्निव्हल उलटून जातो. जून लागला की गिऱ्हाईक थांबते, हवेतल्या दमटपणाने तागाच्या ठाणांवर बुरशीचे ठिपके पडू लागतात आणि कपाटांत दिवे लावून ठेवावे लागतात. पुढच्या हंगामाचे नमुने मात्र याच चार महिन्यांत बेतले जातात, कारण शिंपी मोकळा सापडतो तो चवथीची गडबड सुरू होण्यापूर्वीच.