‘त्रिकोणी टोपी’ : एका ध्वनिमुद्रिकेची साक्ष

इ. स. १९६१ मध्ये जिनिव्हा शहरातील व्हिक्टोरिया हॉलमध्ये ‘डेक्का’ या ब्रिटिश कंपनीने एक ध्वनिमुद्रिका तयार केली. रचना स्पॅनिश संगीतकार मानुएल दे फाया यांची, ‘त्रिकोणी टोपी’ या बॅलेसाठी लिहिलेली. वाद्यवृंद ‘सुईस रोमांद’, आणि संचालक त्याचे संस्थापक अर्नेस्ट आन्सेर्मे. वय वर्षे सत्याहत्तर. हीच रचना २२ जुलै १९१९ रोजी लंडनच्या अल्हाम्ब्रा नाट्यगृहात प्रथम सादर झाली, तेव्हाही संचालकाची छडी आन्सेर्मे यांच्याच हाती होती. म्हणूनच या मुद्रिकेकडे आम्ही साक्ष म्हणून पाहतो. परंतु साक्षीदाराचे ऐकताना, त्या रात्री तेथे कोण नव्हते, हेही विचारले पाहिजे.

फाया यांचा जन्म १८७६ साली कादिस या बंदराच्या शहरी झाला. पियानोचे पहिले धडे त्यांना आईने दिले. १९०७ ते १९१४ ही वर्षे त्यांनी पॅरिसमध्ये काढली. देब्युसी, रावेल, द्युका यांचा सहवास त्यांना तेथे लाभला. महायुद्ध पेटताच ते मायदेशी परतले. वृत्तीने ते विरक्त, आजन्म अविवाहित आणि श्रद्धावंत कॅथलिक. तरीही त्यांनी हाती घेतली ती एक खट्याळ लोककथा! आलार्कोन यांच्या १८७४ च्या कादंबरीत ती आली आहे. त्रिकोणी टोपी हे अधिकाराचे चिन्ह मिरवणारा वृद्ध दंडाधिकारी पाणचक्कीवाल्याच्या सुशील पत्नीवर डोळा ठेवतो आणि अखेर साऱ्या गावात त्याची फजिती होते. १९१७ साली माद्रिदमध्ये मूकनाट्य म्हणून सादर झालेल्या या कथेचा ‘रशियन बॅले’चे प्रमुख दियागिलेव्ह यांनी बॅले करविला. नृत्यरचना मासीन यांची, तर पडदा, नेपथ्य व वेशभूषा पिकासो यांची.

या नामवंतांच्या मांदियाळीत एक नाव मागे पडले. फेलिक्स फेर्नांदेझ हा आन्दालुसियाचा तरुण नर्तक. स्पॅनिश नृत्याचे पदन्यास मासीन यांनी त्याच्याकडून आत्मसात केले. त्याला लंडनला नेण्यात आले. प्रमुख भूमिका मात्र मासीन यांनी स्वतःकडे ठेवली. प्रयोगापूर्वीच फेलिक्सच्या मनाचा तोल ढळला. लंडनमधील एका चर्चमध्ये वेदीसमोर नाचताना तो सापडला, असे समकालीनांनी सांगितले आहे. त्याची रवानगी मनोरुग्णालयात झाली.

प्रयोगाच्या रात्री स्वतः फायाही नाट्यगृहात नव्हते. आई अत्यवस्थ असल्याची तार आली आणि त्यांनी लंडन सोडले. परंतु ते माद्रिदला पोहोचण्यापूर्वीच आईने जगाचा निरोप घेतला होता. वडील त्याच वर्षाच्या आरंभी निवर्तले होते. लंडनमध्ये टाळ्यांचा कडकडाट होत असताना ज्याच्यासाठी तो होता, तो पुत्र प्रवासात होता.

आता ती ध्वनिमुद्रिका ऐकावी. आरंभी नगारे दुमदुमतात, तुताऱ्या ललकारतात. ‘ओले’ची आरोळी उठते, टाळ व टाचांचा ठेका घुमतो, आणि गायिका तेरेसा बेर्गान्सा यांचा स्वर विवाहित स्त्रीला सावधगिरीचा इशारा देतो. पिकासोंचा पडदा प्रेक्षकांनी डोळे भरून पाहावा, यासाठी हा आरंभ जोडलेला होता. पुढे शिपाई दार ठोठावतात तेव्हा बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीतील ते चार सुप्रसिद्ध स्वर येतात; फाया गालातल्या गालात हसत असावेत! मग पाणचक्कीवाल्याचे ‘फारुका’ नृत्य येते. तंतुवाद्ये गिटारसारखी घणघणतात, लय चढत जाते. तेथे आम्हांस फेलिक्सची आठवण होते. नाव दुसऱ्याचे झाले, पण त्याने शिकविलेल्या पावलांचा ताल स्वरांमागे जाणवतो.

पुढे फाया ग्रॅनाडात स्थायिक झाले. १९३६ साली यादवी युद्धात कवी लोर्का यांना वाचविण्यासाठी, भित्र्या प्रकृतीचा हा माणूस अधिकाऱ्यांच्या दारी गेला. उशीर झाला होता. १९३९ साली ते अर्जेंटिनाला गेले व १९४६ साली तेथेच मरण पावले. आज ते कादिसच्या कॅथीड्रलच्या तळघरात विसावले आहेत. फेलिक्स १९४१ साली इंग्लंडमधील मनोरुग्णालयातच वारला.

आन्सेर्मे १९६९ साली गेले. त्यांची साक्ष मात्र उरली. मुद्रिकेच्या वेष्टनावर संचालकाचे व गायिकेचे नाव असते. ज्यांच्यावाचून ते संगीत जन्मलेच नसते, त्यांची नावे ऐकणाऱ्याने ध्यानात ठेवायची असतात. कादिसच्या एका आईने मुलाची बोटे पियानोवर ठेवली आणि एका नर्तकाने आपले पाऊल दुसऱ्याला दिले. शेवटची ‘होता’ आनंदाने उसळते, तेव्हा आम्ही त्या दोघांचेही स्मरण करतो.