चासी एकाची, घर दुसऱ्याचे

ऑगस्ट १९१५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हंटिंग्टनहून कॉन्क्लिन कुटुंब सॅन फ्रान्सिस्कोकडे निघाले. पंचवीस फूट लांब आणि आठ टन वजनाच्या त्यांच्या गाडीचे नाव होते ‘जिप्सी व्हॅन’. आत झोपायची, स्वयंपाकाची सोय होती. रोलंड कॉन्क्लिन यांची स्वतःचीच बस बनवणारी कंपनी होती आणि गाडी तिथेच बांधलेली होती. बिघाड झालाच तर जाब कुणाला विचारायचा, हा प्रश्नच नव्हता. मोटारहोमच्या पुढच्या शंभर वर्षांत हे सुख फार थोड्या मालकांच्या वाट्याला आले.

त्याआधी १९१० मध्ये पिअर्स-ॲरो कंपनीने ‘टूरिंग लँडो’ ही मोटार न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मांडली होती. मागच्या आसनाचा पलंग होई आणि शोफरशी बोलायला आतून टेलिफोन होता. गाडी धनिकांची, टायर बदलायचे काम अर्थात शोफरचे. आणि ते काम तेव्हा नित्याचेच होते. १९०९ मध्ये ॲलिस रॅम्सी यांनी न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को मोटार चालवली, त्या एका प्रवासात अकरा वेळा टायर बदलावे लागले.

पुढे फोर्डच्या मॉडेल टी मोटारीने हा छंद सामान्य माणसाच्या आवाक्यात आणला. गाडीला तंबू जोडून, डबाबंद अन्न बरोबर घेऊन भटकणाऱ्यांनी १९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टँपा येथे ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ ही संघटना काढली. रेडिएटरच्या झाकणावर डाग देऊन बसवलेला पत्र्याचा डबा ही त्यांची खूण. ही मंडळी रस्त्याच्या कडेला बसून ट्यूब काढत, पंक्चर जोडत आणि पंपाने हवा भरून पुढे जात. गाडी साधी होती आणि सुटे भाग गावोगाव मिळत. पुष्कळ वेळा मालकच मेकॅनिक असे.

हे चित्र बदलले ते कारखान्यांमुळे. मिशिगनमधल्या रे फ्रँक यांनी १९५८ मध्ये कुटुंबासाठी स्वतः मोटारहोम बांधले. काही वर्षांतच त्यांच्या गाड्या डॉजच्या चासीवर विक्रीला आल्या. १९६६ मध्ये आयोवातल्या फॉरेस्ट सिटीच्या विनेबॅगो कंपनीने मोटारहोम असेंब्ली लाइनवर घेतले आणि किंमत प्रतिस्पर्ध्यांच्या जवळपास निम्म्यावर आणली. त्याच साली ‘ट्रेल-आर-न्यूज’ मासिकाला एका वाचकाने सुचवले की, वाटेत अडकलेल्यांना मदत करायला तयार असणाऱ्यांनी गाडीवर एक ओळखीचे स्टिकर लावावे. त्यातून ‘गुड सॅम क्लब’ उभा राहिला. एकमेकांच्या मदतीवर इतका भर होता, यावरूनच रस्त्यावरच्या दुरुस्तीची स्थिती ओळखावी.

अडचणीचे मूळ गाडीच्या रचनेत होते. चासी आणि इंजिन एका कंपनीचे, त्यावरचे घर दुसरीचे, फ्रिज तिसरीचा, आणि प्रत्येकाची वॉरंटी वेगळी. आपल्या एसटीच्याही बसची चासी बाहेरून येते. पण दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील कार्यशाळांत तिच्यावर बॉडी बांधणारे महामंडळ पुढची देखभालही स्वतःच पाहत आले. अमेरिकेतल्या मोटारहोमला असा धनी नव्हता. ट्रकचे गॅरेज घराला हात लावत नाही, घराचा विक्रेता इंजिनाला लावत नाही. कायद्यानेही हीच रेघ ओढली. सदोष वाहन परत घ्यायला लावणारा कॅलिफोर्नियाचा कायदा मोटारहोमची चासी आणि ते चालवणारी यंत्रणा यांना लागू होतो, राहण्याच्या भागाला नाही.

जनरल मोटर्सने १९७३ ते १९७८ या काळात चासी आणि घर दोन्ही स्वतःच्या नावाने विकून पाहिले. जवळपास तेरा हजार गाड्या निघाल्या. त्यांची सहा चाके साडेसोळा इंची होती आणि पुढे तो आकारच बाजारातून हद्दपार होत गेला. सोळा इंची टायर त्या रिमवर चढतो, मात्र हवा भरताना फुटून जीवघेणा ठरू शकतो. दुकानदाराने काम नाकारले तर त्यामागे हे कारणही असते. अनेक मालकांनी अखेर सगळ्या रिमाच बदलल्या.

टायरचा प्रश्न नव्या गाड्यांनीही सोडवला नाही. मोटारहोम महिनोन्‌महिने उभे असते. नक्षी शाबूत दिसते आणि रबर मात्र आतून म्हातारे होते. पाण्याची टाकी, सामान, माणसे मिळून कोणत्या चाकावर किती भार येतो, हे वजनकाट्यावर नेल्याशिवाय कळत नाही. मोठ्या गाडीत बहुधा स्टेपनीही नसते. गाडी गॅरेजला लागली की राहते घरही अडकते.

सगळ्यात गाजलेले प्रकरण गुडइयरच्या जी-१५९ टायरचे. १९९६ ते २००३ या काळात बनलेला हा टायर कंपनीने मोटारहोमसाठीही विकला. तो मुळात शहरी मालवाहू गाड्यांसाठीचा होता आणि महामार्गाच्या वेगात जादा तापतो, असा दावा करणाऱ्यांनी खटले भरले. २००३ मध्ये मोटारहोम उलटलेल्या एका कुटुंबाच्या खटल्यात चाचण्यांची माहिती दडवल्याचा ठपका ठेवून न्यायालयाने कंपनीला दंड केला. दंडाच्या रकमेचा वाद २०१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्याच वर्षाअखेरीस तिथल्या रस्ते सुरक्षा विभागाने या टायरची चौकशी सुरू केली. हे टायर निकामी झाल्याने घडलेल्या अपघातांत आठ जणांचा मृत्यू झाला, असे त्या विभागाने म्हटले. टायरमध्ये दोष नसल्याचे सांगतच कंपनीने २०२२ मध्ये सुमारे १ लाख ७३ हजार टायर परत मागवले. तोवर उत्पादन बंद होऊन एकोणीस वर्षे उलटली होती.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाच्या धोरणाला मंजुरी दिली. अशा गाड्या इथे वाढतील तेव्हा पार्किंगच्या जागांइतकाच दुरुस्तीच्या जबाबदारीचाही विचार आधीच व्हायला हवा. गाडी भाड्याने घेणाऱ्याने निदान टायरच्या बाजूवरचे उत्पादनाच्या तारखेचे चार आकडे वाचावेत. पहिले दोन उत्पादनाचा आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष.